फॉस्फो-स्टॅट१ चा बँड येत नाही म्हणून नवी अँटिबॉडी मागवण्याआधी

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. टीएचपी-१ या माणसाच्या मोनोसाइटसारख्या सेल्सना पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) केलं, दुसऱ्या दिवशी मिडिया बदलून लगेच एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला, सेल्सना भडकवणारा घटक) दिलं, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, २४ तासांनी लायसेट, म्हणजे फोडलेल्या सेल्सचा अर्क, काढलं. वेस्टर्नमध्ये, म्हणजे प्रोटीन्स वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या ब्लॉटमध्ये, फॉस्फो-स्टॅट१ (फॉस्फेट लागून चालू झालेलं स्टॅट१ हे सिग्नलचं प्रोटीन) जवळपास कोरं, फॉस्फो-पी६५ (एनएफ-कापा-बी या जीन्स चालू करणाऱ्या जोडीतलं एक प्रोटीन) कंट्रोल आणि ट्रीटेड दोन्हीकडे सारखंच, एनएफ-कापा-बी ला अडवून ठेवणारं आयकापाबी-अल्फा कमी व्हायला हवं होतं ते जसंच्या तसं, आणि आयएल-१ बीटा या दाहाच्या संदेश-प्रोटीनचा १७ किलोडाल्टनचा बँड गायब. गाइड म्हणतायत अँटिबॉडी खराब निघाली, दुसऱ्या कंपनीची मागवू या. मागवायची का?

नका मागवू. निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं आणि मला तरी यात अँटिबॉडीचा दोष कुठे दिसत नाहीये, उलट ज्या पद्धतीने प्रयोग केलाय त्यात चारही ब्लॉट असेच यायला हवे होते. २४ तासांनी सिग्नलिंग शोधणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात नवरदेव शोधण्यासारखं आहे, खुर्च्या उलट्या पडल्यात म्हणजे लग्न झालं एवढं कळेल, बाकी काही हाती लागणार नाही.

आता एकेक बघू. एनएफ-कापा-बी चं काम फार घाईचं असतं. टीएनएफ (दाह पेटवणारं प्रोटीन) दिलं की आयकापाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो ॲसिडवर फॉस्फेट लागतो, युबिक्विटिन (मोडीत काढायची खूण) लागतं, प्रोटिआसोम हे प्रोटीन मोडणारं यंत्र त्याला खाऊन टाकतो आणि १०-१५ मिनिटांत बँड जवळपास नाहीसा होतो. एलपीएसने जरा सावकाश, पण अर्ध्या-एक तासाच्या आतच. आणि गंमत अशी की मोकळं झालेलं एनएफ-कापा-बी न्यूक्लियसमध्ये जाऊन ज्या जीन्स चालू करतं त्यात आयकापाबी-अल्फाची स्वतःची जीन असते, म्हणजे तासाभरात बँड परत यायला लागतो. २४ तासांनी तुम्हाला जो दिसला तो हा परत आलेला माल. त्यामुळे 'कमी झालाच नाही' असं त्या ब्लॉटवरून म्हणताच येत नाही, झाला की नाही ते त्या वेळेला बघितलंच नाही एवढंच म्हणता येतं.

फॉस्फो-पी६५, म्हणजे सेरीन ५३६, कंट्रोलमध्ये पण तेवढाच का? इथे माझा संशय पीएमएवर आहे. पीएमए प्रोटीन कायनेज सी ला डिवचतं आणि ते एनएफ-कापा-बी ला डिवचतं, म्हणजे सेल्स चिकटून पसरेपर्यंत आपण त्यांना आधीच पेटवून ठेवलेलं असतं. शिवाय पीएमएचा डोस. तो तुम्ही प्रश्नात नुसता १०० लिहिलाय, एकक नाही लिहिलं. बऱ्याच पेपर्समध्ये १०० नॅनोग्रॅम प्रति मिली असतं, ते साधारण १६२ नॅनोमोलर होतं, आणि बऱ्याच पेपर्समध्ये नॅनोमोलरच असतं, आणि लोक एकाचा आकडा दुसऱ्याच्या एककात बिनधास्त उचलतात. सिग्नलिंग बघायचं असेल तर डोस खाली आणा, सेल्स नीट चिकटतील इतपतच ठेवा, २४ ते ४८ तास पीएमए, मग धुऊन साध्या मिडियात निदान एक अख्खा दिवस विश्रांती. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये ही विश्रांतीच नाहीये. ती दिली की कंट्रोलचा फॉस्फो-पी६५ खाली बसतो आणि मगच एलपीएसचा फरक दिसायला जागा मिळते.

विश्रांती देऊनही कंट्रोल वरच राहिला तर मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून राहणारे बारीक बॅक्टेरिया) पीसीआर करून घ्या. मायकोप्लाझ्माचे लिपोप्रोटीन्स टीएलआर२ या जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरवर जाऊन बसतात, सेल्स दिसायला अगदी ठणठणीत असतात आणि आतून कायम भडकलेल्या. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उचलून आणलेल्या सेल्समध्ये हे इतक्या वेळा निघतं की विचारू नका. आपल्याकडे पुण्याच्या एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) ची सेल रिपॉझिटरी आहे, तिथून रीतसर मागवा, आल्या आल्या सुरुवातीच्या पॅसेजचा स्टॉक फ्रीझ करून ठेवा, आणि महिन्यातून एकदा टेस्ट.

आता स्टॅट१. हा भाग नीट वाचा कारण यात पुष्कळ लोक फसतात. एलपीएस थेट स्टॅट१ ला हात लावत नाही. टायरोसिन ७०१ वर फॉस्फेट लावणारे जॅक कायनेज, आणि ते चालू होतात इंटरफेरॉन या संदेश-प्रोटीनच्या रिसेप्टरवरून. एलपीएस टीएलआर४ वर बसतं, तिथून ट्रिफ नावाच्या ॲडॅप्टरमार्गे आयआरएफ३ ला फॉस्फेट लागतो, मग इंटरफेरॉन बीटा तयार होऊन सेलच्या बाहेर पडतो, मग तो त्याच सेलच्या नाहीतर शेजारणीच्या रिसेप्टरवर बसतो, आणि तेव्हा कुठे जॅक जागे होऊन स्टॅट१ वर फॉस्फेट येतो. एवढा फेरा घालायला वेळ लागणारच. त्यामुळे एलपीएसनंतर १५ मिनिटांनी बघाल तर काही नाही, साधारण २ ते ४ तासांत दिसेल, २४ तासांपर्यंत पुष्कळसा उतरलेला असेल. याउलट इंटरफेरॉन गॅमा थेट दिलं तर १५ ते ३० मिनिटांत इतका सणसणीत बँड येतो की एक्स्पोजर सेकंदांवर आणावं लागतं.

आणखी एक, टोटल स्टॅट१ स्वतःच इंटरफेरॉनने वाढणारं प्रोटीन आहे. २४ तासांच्या सॅम्पलमध्ये टोटल फुगलेलं, फॉस्फो उतरलेलं, आणि मग कोणीतरी फॉस्फो भागिले टोटल असा बार ग्राफ काढतं आणि लिहितं 'एलपीएसने स्टॅट१ चं ॲक्टिव्हेशन घटलं'. असे ग्राफ छापून आलेले मी वाचलेत. तुम्ही दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवा, ॲक्टिनवर नॉर्मलाइज करून, भागाकार नंतर.

मग करायचं काय? दहा खाचांचा कंगवा असलेली एकच गेल. पहिल्या लेनमध्ये मार्कर. मग एलपीएस शून्य, १५, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटं, झाल्या सहा. आठवी लेन नुसतं इंटरफेरॉन गॅमा २० मिनिटं. नववी, आधी तासभर रुक्सोलिटिनिब (जॅकला अडवणारं औषध) आणि मग इंटरफेरॉन गॅमा २० मिनिटं. दहावी, रुक्सोलिटिनिब आणि एलपीएस २४० मिनिटं. रुक्सोलिटिनिब १ मायक्रोमोलर पुरे, आणि बाकीच्या सगळ्या विहिरींत (प्लेटच्या खळग्यांत) ते ज्यात विरघळवतो ते डीएमएसओ तेवढंच. एवढी एक गेल तुम्हाला जे सांगेल ते तीन नव्या व्हायल्स सांगणार नाहीत. आठव्या लेनमध्ये बँड आला म्हणजे अँटिबॉडी, तिला पकडणारी सेकंडरी अँटिबॉडी, ट्रान्सफर, बँड चमकवणारं ईसीएल सगळं ठीक आहे. नवव्यात तो गेला म्हणजे तो बँड खरंच जॅकमुळे येणारा फॉस्फो आहे, नुसतं ९० च्या आसपासचं काहीतरी ऐरंगैरं नाही. दहाव्यातही गेला आणि सातव्यात होता, म्हणजे एलपीएसचा सिग्नल इंटरफेरॉनच्या फेऱ्यातून येतोय हेही त्याच फिल्मवर. रिव्ह्यूअर हमखास विचारतो ते उत्तर आधीच खिशात.

वेळ मोजताना सगळ्या विहिरी एकाच वेळी काढायच्या, ट्रीटमेंट मागेपुढे सुरू करायची, २४० वाली आधी, १५ वाली शेवटी. उलटं केलंत तर शून्य मिनिटांची विहीर आणि २४० ची विहीर यांच्यात चार तासांचं वय वेगळं. आणि एलपीएस देताना मिडिया बदलू नका, ताजं सीरम आणि गार मिडिया यानेही सेल्स दचकतात. दहापट तीव्र करून थेंब टाका, हलक्या हाताने फिरवा, आणि शून्यवालीत नुसता मिडियाचा थेंब. सीरम अजिबात काढून टाकू नका बरं, एलपीएसला सीडी१४ पर्यंत नेणारं एलपीएस-बाइंडिंग प्रोटीन सीरममधूनच येतं, ते नसेल तर कमी डोसला सेल्स ढिम्म राहतात.

लायसेटबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण फॉस्फोचे निम्मे अर्धे बळी इथेच जातात, गेलच्या आधी. सेल फुटल्याक्षणी फॉस्फटेज मोकळे होतात आणि तुमचा फॉस्फेट खायला सुरुवात करतात. विहिरी थेट बर्फावर, गार पीबीएसने एकदाच धुवायचं, आणि लगेच लायसिस बफर, ज्यात फॉस्फटेज इनहिबिटर त्याच वेळी घातलेले. टायरोसिनसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर, सेरीन-थ्रिओनिनसाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. तुमचा फॉस्फो-स्टॅट१ टायरोसिनवर आहे, म्हणजे व्हॅनाडेटवर सगळी भिस्त, आणि व्हॅनाडेट पाण्यात विरघळवून तसंच वापरलं तर त्याचा फारसा उपयोग नाही. ते ॲक्टिव्हेट करावं लागतं. २०० मिलिमोलर द्रावण, पीएच १० ला आणायचं, पिवळं दिसेल, उकळायचं, रंग जाईल, गार झाल्यावर परत पीएच बघायचा, परत पिवळं पडलं तर परत उकळायचं, असं करत करत रंगहीन राहीपर्यंत. मग छोट्या ॲलिक्वॉट्समध्ये उणे २० ला. तो पिवळा रंग म्हणजे व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांना जोडून झालेला गुच्छ, तो टायरोसिन फॉस्फटेजला नीट अडवत नाही. फ्रीजमध्ये पिवळ्या व्हॅनाडेटची बाटली असलेल्या लॅब्ज मी भरपूर बघितल्यात. शिवाय ईडीटीए आणि डीटीटी दोन्ही व्हॅनाडेटला निकामी करतात, त्यामुळे रिपा या लायसिस बफरमध्ये ईडीटीए भरपूर घालून वर व्हॅनाडेट घालण्यात अर्थ नाही.

याहून सोपा मार्ग म्हणजे थेट गरम लेमली बफर विहिरीत ओतायचा, त्यातल्या एसडीएस या डिटर्जंटमध्ये सगळी एन्झाइम्स जागच्या जागी गारद. डीएनएमुळे शेंबडासारखा चिकट होतो, तो सोनिकेटरने नाहीतर २६ गेजच्या सुईतून ओढून-सोडून मोडायचा, ९५ डिग्रीला पाच मिनिटं. तोटा एकच, मर्कॅप्टोइथेनॉल आणि डाय असल्यामुळे बीसीए, म्हणजे प्रोटीनची मोजणी, करता येत नाही. मग एक तर प्रत्येक विहिरीत सेल्स सारख्या मोजून लावा आणि पॉन्सोवर (मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीन्स दाखवणारा रंग) विश्वास ठेवा, किंवा डाय आणि मर्कॅप्टोइथेनॉल नंतर घाला. टाइम कोर्ससाठी मला हाच मार्ग आवडतो.

गेल, ट्रान्सफर, ब्लॉकिंग याबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला येतं ते, टोटलचे बँड चांगले आलेत म्हणजे हात बसलाय. फक्त फॉस्फोसाठी दुधाच्या पावडरऐवजी बीएसए (गाईचं सीरम अल्ब्युमिन) घ्या. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, प्रत्येक वेळी त्याने घात होतोच असं नाही, पण एक शंका कमी. टीबीएसटी वापरा. सोडियम अझाइड एचआरपी ला, म्हणजे सेकंडरीवरच्या बँड चमकवणाऱ्या एन्झाइमला, मारतं, त्यामुळे प्रायमरी टिकवायला अझाइड घातलं असेल तर सेकंडरीच्या आधी नीट धुवा, आणि एचआरपी लावलेल्या सेकंडरीत अझाइड चुकूनही नको. पॉन्सोचा फोटो प्रत्येक मेम्ब्रेनचा काढून ठेवा, आत्ता कंटाळा येईल, पेपर रिव्हिजनला आल्यावर बरं वाटेल.

लोडिंग कंट्रोलवर, म्हणजे सगळ्या लेनमध्ये प्रोटीन सारखं भरलंय हे दाखवणाऱ्या बँडवर, मात्र थांबते, कारण तुम्ही आयकापाबी-अल्फासाठी जीएपीडीएच वापरलंय, तेही स्ट्रिप करून, म्हणजे आधीची अँटिबॉडी काढून त्याच मेम्ब्रेनवर. आयकापाबी-अल्फा ३९ च्या आसपास येतो, जीएपीडीएच ३७ ला. स्ट्रिपिंग पूर्ण झालं नसेल तर तुम्ही जीएपीडीएच म्हणून जे बघताय त्यात जुना आयकापाबी मिसळलेला असणार, आणि हे दोन बँड मिनी गेलवर वेगळे ओळखणं अवघड. तसंच ॲक्टिन ४२ ला आणि आयआरएफ३ ४५ ते ५५ मध्ये, एचएसपी९० आणि स्टॅट१ तर एकमेकांच्या डोक्यावर, स्टॅट१ चा अल्फा ९१ ला आणि बीटा ८४ ला. आयकापाबीसाठी व्हिन्क्युलिन घ्या, ११७ च्या वर असतो, मेम्ब्रेन ७० च्या मार्करवर आडवी कापली की वरच्या तुकड्यावर व्हिन्क्युलिन, खालच्यावर आयकापाबी, स्ट्रिपिंगची भानगडच नाही. फक्त कापण्याआधी अख्ख्या मेम्ब्रेनचा फोटो, हल्ली बरीच जर्नल्स अनक्रॉप्ड ब्लॉट मागतात.

फॉस्फो आणि टोटल एकाच मेम्ब्रेनवर बघायचे असतील तर फॉस्फो आधी, टोटल नंतर. किंवा सरळ दोन गेल एकाच लायसेटच्या, एकाच दिवशी. स्ट्रिपिंगमध्ये थोडं प्रोटीन जातंच आणि कुठल्या लेनमधून किती गेलं हे कोणी सांगू शकत नाही.

आयएल-१ बीटा हे वेगळंच प्रकरण आहे. नुसत्या एलपीएसने तुमच्या सेल्समध्ये मुख्यतः प्रो-आयएल-१ बीटा बनतो, ३१ किलोडाल्टन, आणि तो लायसेटमध्ये असतो. तो कापून १७ चा करायला कॅस्पेज-१ लागतो आणि कॅस्पेज-१ चालू व्हायला इन्फ्लमझोम नावाचा प्रोटीनचा संच, आणि तो जमायला दुसरा सिग्नल हवा. एलपीएस तीन-चार तास, मग नायजेरिसिन १० मायक्रोमोलर तासभर, हा नेहमीचा मार्ग. आणि कापलेला तुकडा सेलमध्ये थांबत नाही, गॅसडर्मिन डी ने पाडलेल्या भोकांतून बाहेर जातो, म्हणजे तो शोधायचा सुपरनेटंटमध्ये, सेल्सवरच्या मिडियात. त्यासाठी शेवटचा तास सीरमशिवायच्या मिडियात ठेवायचं, नाहीतर सुपरनेटंट घट्ट केल्यावर सगळी लेन सीरम अल्ब्युमिनने भरून जाते आणि गेल ६६ च्या जागी फुगून वाकडी पळते. मेथॅनॉल-क्लोरोफॉर्मने प्रोटीन खाली पाडा, १५ टक्क्यांची गेल, ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ. ०.४५ वापरलं आणि ट्रान्सफर लांबवलं तर १७ चा तुकडा मेम्ब्रेनच्या आरपार जाऊ शकतो.

इथे अँटिबॉडी कुठली हाही प्रश्न खरा आहे. काही अँटिबॉडीज प्रो आणि कापलेला दोन्ही ओळखतात, काही फक्त ॲस्पार्टेट ११६ ला कापल्यावर उघड्या पडणाऱ्या टोकालाच चिकटतात. डेटाशीटवर इम्युनोजेन (अँटिबॉडी बनवायला वापरलेला तुकडा) काय आहे ते वाचा. एलायझा करत असाल तर तेही, कारण काही किट्सना प्रो-आयएल-१ बीटाही थोडाफार दिसतो आणि सेल्स मरून फुटल्या असतील तर आकडा वाढलेला येतो, त्यामुळे एलडीएच (फुटलेल्या सेल्समधून सांडणारं एन्झाइम) शेजारी ठेवा आणि वेस्टर्नमध्ये १७ दाखवा.

आता दुसरी बाजू. आत्तापर्यंत बँड न येण्याबद्दल बोलले, पण मला विचाराल तर जास्त काळजी बँड *आल्यावर* घ्यायची असते. न आलेला बँड तुम्हाला त्रास देतो, त्यामुळे त्याच्या मागे लागता. बरोबर जागी आलेला चुकीचा बँड कोणाला त्रास देत नाही, तो थेट थिसिसमध्ये जाऊन बसतो.

हे काही माझं एकटीचं रडगाणं नाही. २०११ साली मेंदूतल्या पी६५ आणि पी५० वर काम करणाऱ्यांसाठी इशारा देणारा पेपर आला होता, नेहमीच्या वापरातल्या कितीतरी अँटिबॉडीज तिथे भलत्याच प्रोटीन्सना चिकटतात असं त्यात दाखवलं होतं. २०१६ मध्ये नेचर मेथड्समध्ये अँटिबॉडी पारखण्याचे पाच मार्ग मांडले गेले: जीन काढून किंवा दाबून बघणं, अँटिबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी ताडून बघणं, वेगळ्या एपिटोपची (चिकटायच्या जागेची) दुसरी अँटिबॉडी, टॅग लावलेलं प्रोटीन, आणि इम्युनोप्रेसिपिटेशन करून मास स्पेक. मग २०२३ मध्ये ई-लाइफला कॅनडातल्या मॅकगिलच्या लोकांचं मोठं काम आलं, ६५ प्रोटीन्ससाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडीज नॉकआउट, म्हणजे ती जीन काढलेल्या, सेल्सशेजारी ठेवून तपासल्या. रिकॉम्बिनंट अँटिबॉडीज सरासरीने मोनोक्लोनल आणि पॉलिक्लोनलपेक्षा सरस निघाल्या, आणि नापास झालेल्यांपैकी कितीतरी कंपन्यांनी स्वतःहून कॅटलॉगमधून काढल्या किंवा त्यांचे शिफारस केलेले उपयोग बदलले. ती प्रोटीन्स न्यूरोसायन्सची होती, इम्युनॉलॉजीची नव्हे, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

तुमच्या हातात काय आहे? टोटल स्टॅट१ साठी नॉकआउट नाहीतर निदान जीन दाबणारं सायआरएनए. स्टॅट१ नसलेली यू३ए नावाची जुनी फायब्रोसार्कोमा लाइन आहे, आपल्याकडे कोणाकडे असेल तर एक नळी लायसेट मागून आणा, सेल्ससुद्धा नकोत. फॉस्फोसाठी नॉकआउट पुरत नाही, कारण नॉकआउटमध्ये बँड गेला म्हणजे प्रोटीन बरोबर, पण अँटिबॉडी फॉस्फेट बघते की नुसतं प्रोटीन हे कळत नाही. त्यासाठी लँबडा फॉस्फटेज, फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम. लायसेटचे दोन भाग, एकात एन्झाइम आणि मँगनीज, ३० डिग्रीला अर्धा तास, आणि हो, या लायसेटमध्ये फॉस्फटेज इनहिबिटर नकोत, नाहीतर स्वतःच लावलेल्या कुलपावर स्वतःच हातोडे मारत बसाल. टोटल तसाच, फॉस्फो साफ, असं आलं पाहिजे. आयकापाबीच्या फॉस्फोसाठी अजून एक झकास कंट्रोल, एमजी१३२ दिलं की प्रोटिआसोम बंद, टोटल पडत नाही आणि फॉस्फो साचून राहतो, एरवी पाच मिनिटं दिसून पळणारा बँड निवांत बघता येतो.

आणि स्टॅट३ लक्षात ठेवा. त्याची टायरोसिन ७०५ ची जागा स्टॅट१ च्या ७०१ सारखीच जॅकच्या हाताखालची, वजन ८६ आणि ७९, म्हणजे मिनी गेलवर शेजारीशेजारीच. मॅक्रोफेजमध्ये एलपीएसनंतर आयएल-६ आणि आयएल-१० मुळे स्टॅट३ हमखास पेटतं, आणि रुक्सोलिटिनिबने दोन्ही जातात. म्हणून एक जास्तीची लेन नुसत्या आयएल-६ ची किंवा वेगळी फॉस्फो-स्टॅट३ ची मेम्ब्रेन.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय की हेच फ्लोवर (फ्लो सायटोमेट्री, एकेक सेल लेझरसमोरून मोजायची पद्धत) केलं तर सोपं पडेल का. सोपं नाही, वेगळं पडेल. एकेका सेलचं कळतं हा मोठा फायदा, पण मोलेक्युलर वेट दिसत नाही, म्हणजे अँटिबॉडी कशालाही चिकटली तरी आकडा येणारच. वेस्टर्नवर एकच स्वच्छ बँड देणारा क्लोन असेल तरच फ्लोला न्या. शिवाय टीएचपी-१ म्हणजे एफसी रिसेप्टरचं (अँटिबॉडीची शेपटी पकडणारे) आगर, सीडी६४ तर उंदराच्या आयजीजी२ए ला मिठीच मारतो, अँटिबॉडीचं डोकं कुठेही असो शेपटीने चिकटणार. एफसी ब्लॉक आधी, आयसोटाइप कंट्रोल त्याच सबक्लासचा आणि तेवढ्याच तीव्रतेचा, आणि खरा कंट्रोल म्हणजे परत तोच, रुक्सोलिटिनिब दिलेल्या सेल्स. फॉस्फोसाठी पॅराफॉर्मल्डिहाइडनंतर गार मेथॅनॉल लागतं, मेथॅनॉलने पीई आणि एपीसी सारखे प्रोटीन-रंग मरतात, त्यामुळे वरचे मार्कर आधी पीई मध्ये रंगवून मग मेथॅनॉल केलंत तर सगळं वाया.

पैशांचं बोलायचं तर जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) ची महिन्याची फेलोशिप २०२३ पासून ३७,००० रुपये आहे आणि एखादी फॉस्फो व्हायल सहज त्याच्या आसपास जाते, वर यायला कित्येक आठवडे, म्हणून घाई नको म्हणते. घ्यायचीच झाली तर रिकॉम्बिनंट किंवा निदान रॅबिट मोनोक्लोनल घ्या, क्लोनचं नाव असलेली. फॉस्फो-स्टॅट१ साठी ५८डी६ आणि फॉस्फो-पी६५ साठी ९३एच१ हे क्लोन वर्षानुवर्षं लोक वापरतायत, त्यांचे ब्लॉट ताडून बघायला साहित्यात भरपूर सापडतील, हाच त्यांचा मुख्य फायदा. नुसतं 'रॅबिट पॉलिक्लोनल' असेल तर पुढच्या लॉटला दुसरा ससा, म्हणजे जवळपास दुसरी अँटिबॉडी. लॉट नंबर वहीत लिहा. ग्लिसरॉलमध्ये आलेली असेल तर ती उणे २० ला गोठत नाही, ॲलिक्वॉट करायची गरज नाही, पण फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये ठेवू नका, तो स्वतःहून गरम-गार होत राहतो.

आपल्याकडे डायल्यूट केलेली प्रायमरी जपून तीन-चार वेळा वापरतात, टोटलसाठी मला त्यात काही वावगं वाटत नाही, ट्यूबवर तारीख आणि कितवी वेळ ते लिहा म्हणजे झालं. फॉस्फोसाठी मात्र ज्या ब्लॉटवरून आकडे काढणार त्याला ताजीच. आणि डायल्यूशन डेटाशीटवर १:१००० लिहिलंय म्हणून तेच धरून बसू नका, तुमच्या लायसेटवर ५००, १०००, २००० असं एकदा बघून घ्या, इंटरफेरॉन गॅमाचं एकच लायसेट तीन पट्ट्यांवर. तेवढ्यानेच पुष्कळदा बॅकग्राउंड निम्मं होतं.

तर वरची दहा लेनची गेल आधी करा. इंटरफेरॉन गॅमाची लेनही कोरी आली तर व्हॅनाडेटचा रंग बघा, मग तेच लायसेट दुसऱ्या लॅबच्या चालणाऱ्या फॉस्फो-स्टॅट१ ने तपासा, आणि तिथे बँड आला व तुमच्या व्हायलने नाही आला तर कंपनीला लॉट नंबर आणि दोन्ही अनक्रॉप्ड ब्लॉट पाठवून बदली व्हायल मागा, असा पुरावा दिला तर बऱ्याच कंपन्या बदलून देतात. गेल झाली की इथे फोटो टाका, मार्करसकट, कडा न कापता, आणि एक्स्पोजर किती सेकंदांचं होतं तेही लिहा.